अंगणवाडी दिवसभर चालवावी का? दुपारच्या तासांविषयी थोडे सविस्तर

एका ग्रामपंचायत सदस्य ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या गावातील निम्म्याहून अधिक आया शेतमजुरीला किंवा जवळच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात. अंगणवाडी दुपारी सुटते आणि आई घरी येते दिवेलागणीला. मधले चार-पाच तास मुले कोणाच्या तरी ओट्यावर, बहुधा मोठ्या बहिणीच्या किंवा थकलेल्या आजीच्या भरवशावर काढतात. शासनाने स्वतःच्या खर्चाने दिवसभराची बालवाडी चालवावी, अशी मागणी ग्रामसभेत आली, तेव्हा दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की, जगातील प्रगत देश हे करतात, आपणही करावे, म्हणजे मुले पहिलीत मागे पडणार नाहीत. दुसरी बाजू म्हणाली की, तीन वर्षांच्या लेकराला दिवसभर आईपासून तोडणे योग्य नाही आणि शासनाने इतका पैसा ओतून शेवटी पदरात काय पडते, याचाही विचार झाला पाहिजे. यात खरे काय, असे ताईंनी विचारले आहे.

मी सुरुवातीची अकरा वर्षे शहरातील एका वस्तीत बालवाडी शिक्षिका होते आणि त्यानंतर आजवर अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाचे काम करते आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. दिवसभराची सार्वजनिक बालवाडी असावी आणि ती गरजेच्या ठिकाणी लवकर सुरू व्हावी. परंतु ती मागताना आपण बहुतेक वेळा चुकीचे कारण सांगतो, आणि कारण चुकीचे सांगितले की तिची घडणही चुकीची होते. म्हणून कारणापासूनच सुरुवात करते.

या वादात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. मुलाचे शिकणे हा पहिला, आईच्या कामाचे तास हा दुसरा, आणि मुलाचे पोषण व सुरक्षितता हा तिसरा. ग्रामसभेतील एक वक्ता पहिल्या प्रश्नावर बोलत असतो आणि त्याला उत्तर देणारा दुसऱ्या प्रश्नावर. शिकण्याच्या दृष्टीने पाहिले तर दिवसभराच्या बाजूचा पुरावा वाटतो तितका भक्कम नाही. आईच्या आणि मोठ्या बहिणीच्या दृष्टीने पाहिले तर तो फारच भक्कम आहे. मागणी करताना मात्र आपण नेमके उलट करतो: आईच्या गरजेबद्दल बोलायला संकोचतो आणि मुलाच्या गुणांचे आश्वासन देतो.

आपल्याकडे ही गोष्ट फार पूर्वी ओळखली गेली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. बालवाडी उघडली म्हणून मुले येतातच असे नाही, हे त्यांना अनुभवाने कळले. मुले येत नाहीत तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मली. आज ज्या सरकारी केंद्राला आपण त्या नावाने ओळखतो, त्याचे नाव तिथून आलेले आहे. मला मात्र त्यांच्या कामातील दुसरी कल्पना अधिक मोलाची वाटते, आणि ती म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असावी, ही ती कल्पना. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. ते भावंड उतरवून घेणारे कोणी असेल तरच ती वर्गात बसेल. म्हणजे लहान मुलाची सोय ही मोठ्या मुलीच्या शिक्षणाची पूर्वअट ठरते. दिवसभराच्या बालवाडीचा हिशेब मांडताना ही मुलगी कोणत्याच रकान्यात येत नाही, आणि माझ्या मते तो हिशेब तिथेच चुकतो.

आता प्रगत देशांविषयी. ग्रामसभेत ज्यांनी हा दाखला दिला, त्यांच्यासाठी मी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताचे उदाहरण घेते, कारण तिथे हा वाद अगदी उघडपणे आणि आकड्यांसह लढला गेला. तिथे चार आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी सरकारी शाळांतच बालवर्ग होते, पण ते अर्धा दिवस किंवा एक दिवसाआड चालत. प्रांत सरकारने नेमलेले बालशिक्षण सल्लागार चार्ल्स पास्कल यांनी जून 2009 मध्ये प्रांताला अहवाल सादर केला आणि पूर्ण दिवसाच्या बालवर्गाची शिफारस केली. सप्टेंबर 2010 पासून निवडक शाळांत सुरुवात झाली आणि टप्प्याटप्प्याने वाढवत सप्टेंबर 2014 मध्ये तो संपूर्ण प्रांतात लागू झाला. त्या वर्षी अडीच लाखांहून अधिक मुले त्याच्या कक्षेत आली. वर्षाचा खर्च सुमारे दीड अब्ज कॅनेडियन डॉलर धरला गेला होता.

मधल्या काळात प्रांताची आर्थिक स्थिती बिघडली. खर्च कुठे कमी करता येईल हे सांगण्यासाठी अर्थतज्ज्ञ डॉन ड्रमंड यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, आणि त्याने फेब्रुवारी 2012 च्या अहवालात हा कार्यक्रम रद्द करावा असे सुचवले. रद्द करणे शक्य नसेल तर अंमलबजावणी 2017-18 पर्यंत लांबवावी आणि वर्गातील मनुष्यबळाची रचना स्वस्त करावी, असा पर्यायही दिला. सरकारने ती शिफारस स्वीकारली नाही. आपल्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी बाब ही की, आयोगाचे बोट नेमके मनुष्यबळावर पडले, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्या कार्यक्रमाचा जीव नेमका त्यातच होता. सरासरी 26 मुलांच्या वर्गात तिथे दोन प्रशिक्षित प्रौढ व्यक्ती असतात: एक शिक्षक आणि एक बालसंगोपन व बालशिक्षण यांचे वेगळे प्रशिक्षण घेतलेली शिक्षिका. ही दुसरी व्यक्ती मदतनीस नसते. वर्गाचे नियोजन दोघी मिळून करतात.

माझ्याकडे पूर्वी प्रशिक्षण घेतलेली एक विद्यार्थिनी लग्नानंतर तिकडे गेली आणि तिथला अभ्यासक्रम पुन्हा पूर्ण करून अशाच एका वर्गात दुसरी शिक्षिका म्हणून काम करू लागली. मी तिला एकच प्रश्न विचारला होता: दुपारी जेवणानंतर तुम्ही काय करता? तिचे उत्तर माझ्या वहीत अजून आहे. जेवणानंतर खोलीतील दिवे मंद करायचे. झोप आलेल्या मुलाला झोपू द्यायचे, नसेल त्याला पुस्तक किंवा चित्र. मग थंडी असो वा ऊन, सगळ्यांना बाहेर न्यायचे. आणि परत आल्यावर मुलांनी सकाळी अर्धवट सोडलेली बांधकामे, खेळ, चित्रे तिथूनच पुढे सुरू करायची. सकाळी सुरू केलेले काम दुपारी पुन्हा हाती घेता येते, हा पूर्ण दिवसाचा तिला जाणवलेला सर्वांत मोठा लाभ होता. अर्ध्या दिवसाच्या वर्गात खेळ रंगात आला की आवरायची वेळ होते, हे बालवाडीत काम केलेल्या प्रत्येकीला माहीत आहे.

हे सारे मोहक वाटते, म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बालशिक्षणावर खर्च केलेला पैसा कैक पटींनी परत मिळतो, असे आपण व्याख्यानांत ऐकतो. त्यामागे बहुतेक वेळा अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या इप्सिलँटी गावातील पेरी बालवाडीचा प्रयोग असतो. तो 1962 ते 1967 या काळात झाला. त्यात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील 123 मुले होती आणि त्यांतील सुमारे निम्म्या मुलांना बालवाडीत घेतले गेले. ही मुले पुढे चाळिशीच्याही पलीकडे जाईपर्यंत अभ्यासकांनी त्यांचा मागोवा घेतला. शिक्षण, कमाई आणि गुन्ह्यांपासून दूर राहणे या सर्वांत बालवाडीतील मुले पुढे होती. पण ती बालवाडी दिवसभराची नव्हती. ती सकाळी सुमारे अडीच तास चालत असे, एका शिक्षिकेकडे पाच-सहाच मुले असत, आणि दर आठवड्याला शिक्षिका मुलाच्या घरी जाऊन आईसोबत दीड तास बसत असे. त्या प्रयोगाचा दाखला देऊन दिवसभराच्या बालवाडीची मागणी करणे म्हणजे एका रोगाच्या औषधाची चिठ्ठी दाखवून दुसरेच औषध मागणे आहे.

अर्धा दिवस आणि पूर्ण दिवस यांची थेट तुलना करणाऱ्या अमेरिकी अभ्यासांचा एक एकत्रित आढावा 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, वर्षाच्या अखेरीस पूर्ण दिवसाची मुले पुढे असतात, परंतु तिसरीपर्यंत हा फरक जवळजवळ विरून जातो. टेनेसी राज्याच्या सरकारी बालवाडीचा अनुभव तर याहून कठोर आहे. तिथे जागा कमी आणि अर्ज जास्त असल्यामुळे चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले गेले, त्यामुळे प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना निर्दोषपणे करता आली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहावीत पोहोचेपर्यंत बालवाडीत गेलेली मुले गुणांत मागे होती आणि त्यांच्या वर्तनाच्या तक्रारीही अधिक होत्या. त्या वर्गांतही शिक्षिकेच्या जोडीला सहायक होती. म्हणजे दुसरी व्यक्ती असणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. त्या बालवाड्यांच्या निरीक्षणांत आढळले की, मुलांचा बराचसा वेळ रांगेत उभे राहण्यात, एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाण्यात आणि सगळ्यांनी एकत्र बसून बाई सांगतील ते ऐकण्यात जात होता.

कॅनडातील क्युबेक प्रांताची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे 1997 पासून दिवसाला पाच डॉलर शुल्कात पाळणाघर मिळू लागले. आयांचे नोकरीतील प्रमाण लक्षणीय वाढले. हे कोणीच नाकारत नाही. मात्र पुढील अभ्यासांत मुलांमधील चिंता आणि आक्रमकता वाढल्याचेही आढळले. मागणी एकदम वाढल्याने जागा भराभर निर्माण केल्या गेल्या आणि त्यांतील पुष्कळ जागांचा दर्जा साधारण होता. चांगल्या दर्जाच्या, ना-नफा तत्त्वावरील केंद्रांना जोडून असलेल्या मुलांचे चित्र पुष्कळ बरे होते.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की, मग दिवसभराचा आग्रह सोडून द्यावा. मी तसे म्हणत नाही. मी एवढेच म्हणते की, वाढवलेले तास स्वतः काहीही करत नाहीत. त्या तासांत मुलाच्या वाट्याला काय येते, त्यावर ते अवलंबून आहे. हे मी स्वतः चूक करून शिकले आहे. वस्तीतील आमची बालवाडी एका संस्थेच्या मदतीने आम्ही दिवसभराची केली, तेव्हा पहिल्या वर्षी आम्ही सकाळचाच कार्यक्रम दुपारी पुन्हा चालवला. सकाळी गाणी, गोष्ट, आकार, रंग. दुपारी पुन्हा गाणी, गोष्ट, अंक. दोन-तीन महिन्यांत मुले एकमेकांना चावू लागली. सहा महिने कोरडी असलेली मुले पुन्हा चड्डी ओली करू लागली. चारच्या सुमारास कोणतेही कारण नसताना एक मूल रडायला लागायचे आणि त्याच्यामागून सगळी खोली. आम्हाला वाटले की मुलांना सवय नाही. प्रत्यक्षात ती दमलेली होती. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात दुपारच्या डुलकीसह दहा ते तेरा तासांची झोप लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. दिवसाला किमान तीन तासांची हालचाल आणि सलग एका तासाहून अधिक बसवून न ठेवणे, हेही त्यातच आहे. आमच्या वस्तीत आया पहाटे पाचला उठत आणि त्यांच्याबरोबर मुलेही उठत. दुसऱ्या वर्षी आम्ही दुपारी सतरंज्या अंथरल्या, दाराला गोणपाट लावून अंधार केला आणि दीड तास कोणी काहीही शिकवायचे नाही असे ठरवले. उठल्यावर हातपाय धुणे, चुरमुरे किंवा शेंगदाणे-गूळ, आणि मग बाहेर मातीत व पाण्यात खेळ. चावणे थांबले.

आता आपल्या अंगणवाडीकडे येऊ. एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली. आज देशभरात सुमारे 14 लाख आणि महाराष्ट्रात सुमारे 1 लाख 10 हजार अंगणवाड्या आहेत. एवढे मोठे जाळे हाती असताना दिवसभराच्या बालवाडीसाठी नवी इमारत, नवा विभाग शोधण्याचे कारण नाही. परंतु अंगणवाडीचे दार उशिरापर्यंत उघडे ठेवा, एवढा आदेश काढल्याने काहीही साधणार नाही, उलट नुकसान होईल, आणि त्याचे कारण सेविकेचा दिवस जवळून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

सकाळी मदतनीस ताई मुलांना घरोघरून गोळा करून आणते, तोवर सेविका हजेरी मोबाइलमधील पोषण ट्रॅकरवर भरते. नाश्ता, मग गरम ताजा आहार. बचत गटाचे जेवण वेळेत आले नाही तर त्याची धावपळ. महिन्यातील ठरलेल्या दिवशी प्रत्येक मुलाचे वजन आणि उंची. तीव्र कुपोषित मूल आढळले तर त्याचा वेगळा आहार, वेगळी नोंद, आरोग्य केंद्राशी पाठपुरावा. लसीकरणाचा दिवस, गरोदर आणि स्तनदा मातांच्या गृहभेटी, घरी न्यायच्या शिध्याचे वाटप, किशोरींची यादी, आणि वरून येणारी इतर सर्वेक्षणे. या सगळ्यांतून मुलांबरोबर जमिनीवर बसून, अखंड, ठरवून केलेले बालशिक्षण दिवसाला किती वेळ होते, हे मी प्रशिक्षणात सेविकांना प्रामाणिकपणे लिहायला सांगते. एक तास लिहिणारी सेविका मला चांगली वाटते. ‘आकार’सारखा विचारपूर्वक तयार केलेला अभ्यासक्रम राज्याकडे आहे, केंद्राने 2023 मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ म्हणत रोज किमान दोन तासांच्या बालशिक्षणाची अपेक्षा मांडली आहे. ते करणारी व्यक्ती मात्र तीच एक आहे.

म्हणून मला तमिळनाडूतील एका प्रयोगाचे महत्त्व परदेशी दाखल्यांपेक्षा अधिक वाटते. तिथे 640 अंगणवाड्या घेऊन त्यांतील चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्या केंद्रांत केवळ बालशिक्षणासाठी अर्ध्या वेळेची एक जादा कार्यकर्ती दिली गेली. केंद्राचे तास वाढवले नाहीत, इमारत बदलली नाही. बालशिक्षणाचा वेळ जवळपास दुप्पट झाला, दीड वर्षानंतर भाषा आणि गणित या दोन्हींत मुले स्पष्टपणे पुढे होती, आणि जुन्या सेविकेला पोषणाच्या कामासाठी वेळ मिळाल्यामुळे खुंटलेली वाढ आणि तीव्र कुपोषणाचे प्रमाणही घटले. एका जादा बाईने दोन्ही कामे सुधारली. माझ्या मते आपल्या धोरणाचा क्रम यातून ठरतो: आधी अंगणवाडीत आणखी एक प्रशिक्षित व्यक्ती, आणि ती मिळाल्यावर वाढीव तास. हा क्रम उलटा केला, म्हणजे आहे त्याच सेविकेला संध्याकाळपर्यंत थांबवले, तर दुपारी मुले बंद खोलीत बसवून ठेवली जातील आणि आपण त्याला दिवसभराची बालवाडी म्हणू.

सेविकेच्या मोबदल्याचा प्रश्न इथे टाळता येणार नाही. केंद्र शासनाने ठरवलेले मानधन 2018 मध्ये दरमहा 4,500 रुपये झाले. राज्य त्यात आपली भर घालते, पण त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधनच म्हणतात, कारण कागदोपत्री ती कर्मचारी नसून मानसेवी कार्यकर्ती आहे. महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनीस डिसेंबर 2023 मध्ये संपावर गेल्या आणि तो संप जानेवारी 2024 च्या अखेरपर्यंत चालला; त्या काळात गावोगावी मुलांचे काय झाले, ते सर्वांनी पाहिले आहे. अर्ध्या दिवसाच्या कामाचे मानधन म्हणून सुरू झालेली रक्कम देऊन पूर्ण दिवसाचे काम घेणे हे मला नैतिकदृष्ट्या मान्य नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते टिकणार नाही, कारण त्या सेविकेचेही स्वतःचे घर आणि लहान मूल असते.

आहाराचेही तसेच. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी रोजचा आहारखर्च 2017 मध्ये 8 रुपये ठरवण्यात आला आणि त्यात 500 किलोकॅलरी व 12 ते 15 ग्रॅम प्रथिने अपेक्षित धरली गेली. हा आहार पूरक म्हणून ठरवलेला आहे. घरच्या जेवणाला जोड म्हणून. मूल संध्याकाळपर्यंत केंद्रात राहणार असेल तर त्याचे दुपारचे पूर्ण जेवण आणि चारच्या सुमाराचे खाणे ही दोन्ही केंद्राची जबाबदारी होते. त्याची तरतूद न करता तास वाढवले, तर आई डब्यात चपाती देईल किंवा दुकानातील कुरकुरीत पाकीट देईल. गरिबीतील मूल दोन वाजल्यापासून उपाशी राहील.

कायद्याविषयी थोडेच सांगते. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, पण सहा वर्षांखालील मुलांना त्यातून वगळून अनुच्छेद 45 मध्ये राज्याने त्यांच्यासाठी प्रयत्नशील राहावे, एवढेच म्हटले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 11 मध्येही शासन पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करू शकेल अशी मुभा आहे, सक्ती नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, मात्र त्यामुळे बालवाडी हा मुलाचा हक्क झालेला नाही. आपल्या गावाने मागणी करताना न्यायालयाचा धाक दाखवता येणार नाही. योजनेचा आधार घ्यावा लागेल.

तो आधार आहे. केंद्र शासनाच्या मिशन शक्तीअंतर्गत 2022 पासून ‘पाळणा’ योजना आहे आणि तिच्यात देशभरात 17,000 अंगणवाडी-सह-पाळणाघरे उभारण्याचे ठरले आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले, महिन्याला 26 दिवस, दिवसाला साडेसात तास, आणि महत्त्वाचे म्हणजे सेविकेव्यतिरिक्त पाळणाघरासाठी वेगळी कार्यकर्ती व वेगळी मदतनीस. 14 लाख अंगणवाड्यांपुढे 17,000 हा आकडा फार लहान आहे, तरी रचना योग्य आहे, कारण तिच्यात तासांसोबत माणसेही वाढतात.

आता आईपासून तोडण्याच्या आक्षेपाविषयी. हा आक्षेप मी कधीही हसण्यावारी नेलेला नाही. तीन वर्षांखालील मुलाच्या बाबतीत तर मी स्वतः सावध असते. एका व्यक्तीकडे फार मुले असतील तर त्या वयाच्या मुलाला दिवसभर ठेवू नये, असेच मी सांगते. परंतु तुलना कशाशी करायची, हे ठरवावे लागेल. दुपारी दोन वाजता आई घरी आहे, आणि तिच्या कुशीतून मूल काढून केंद्रात न्यायचे आहे, असे चित्र मनात धरून हा आक्षेप घेतला जातो. ताईंनी वर्णन केलेल्या गावात दोन वाजता आई कापसाच्या शेतात किंवा कारखान्याच्या पट्ट्यावर आहे. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात ती मुलाला सोबत नेते, आणि ते मूल उसाच्या मोळ्या व ट्रॅक्टरच्या चाकांजवळ खेळते. खरी निवड आई आणि बालवाडी यांच्यात नाही. ती ओटा, रस्ता किंवा फड आणि बालवाडी यांच्यात आहे. ज्या घरी आई किंवा आजी खरोखर मोकळी आहे, त्या मुलाला दुपारी घरी न्यायची मुभा असावी, आणि त्याबद्दल कोणी भुवया उंचावू नयेत. दिवसभराची बालवाडी सर्वांसाठी उपलब्ध असणे आणि ती सर्वांवर लादणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑन्टारिओमध्येही बालवर्गाला जाण्याची सक्ती नाही. शाळेची सक्ती सहाव्या वर्षापासून आहे.

एक धोका मात्र मला या सगळ्याहून मोठा वाटतो, आणि तो बाहेरून येणार नाही, पालकांकडूनच येईल. तास वाढले की पालक विचारतात, ‘एवढा वेळ मूल तिथे असते, मग त्याला लिहिता का येत नाही?’ शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात चार वर्षांचे मूल रेघी वहीत अक्षरे गिरवते, हे त्यांनी पाहिलेले असते. सेविकेवर दबाव येतो आणि झोपेची दीड तासांची वेळ पाटी-पेन्सिलीची होते. पर्यवेक्षिका भेटीला आली की तिलाही भरलेली वही दाखवणे सोपे जाते. झोपलेली मुले दाखवून काम झाले असे कसे सांगणार? म्हणून माझी विनंती आहे की, मागणीच्या ठरावातच दुपारची विश्रांती, बाहेरचा खेळ आणि खाणे या तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहाव्यात आणि लेखन-वाचनाचे कोणतेही आश्वासन त्यात घालू नये.

ताईंनी गावात काय करावे, तेही सांगते. प्रथम एका आठवड्यासाठी दुपारी दोन ते सहा या वेळेत सहा वर्षांखालील प्रत्येक मूल कुठे आणि कोणाजवळ असते, याची घरोघर नोंद करावी, आणि त्याच कागदावर सांभाळणाऱ्याचे वय लिहावे. ते वय चौदाच्या आत असेल तर ती मुलगी शाळेच्या पटावर आहे का आणि त्या आठवड्यात किती दिवस हजर होती, हेही शाळेतून विचारून घ्यावे. हा कागद ग्रामसभेत वाचून दाखवला की दोन तटांतील बरेच अंतर कमी होते, असा माझा दोन गावांतील अनुभव आहे. त्यानंतर बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे आपली अंगणवाडी पाळणा योजनेत घेण्याचा प्रस्ताव या नोंदीसह द्यावा. मंजुरीला वेळ लागेल. तोपर्यंत ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायच्या 10 टक्के रकमेतून दुपारसाठी एका कार्यकर्तीचे मानधन आणि चार वाजताचे खाणे निघते का, ते पाहावे. लहान ग्रामपंचायतीत ही रक्कम अपुरी पडेल. तिथे काम देणाऱ्या कारखान्यांकडे जावे. ज्या कारखान्यात तीसहून अधिक स्त्रिया काम करतात, तिथे पाळणाघर असावे, असे 1948 च्या कारखाना अधिनियमात होते, आणि 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवरही ती जबाबदारी टाकली.

कार्यकर्ती निवडताना तिचे शिक्षण पाहण्याआधी तिला एक दुपार मुलांबरोबर बसवावे आणि स्वतः कोपऱ्यात बसून पाहावे. खोलीत मुलांना आडवे होता येईल एवढी कोरडी जमीन, पिण्याचे झाकलेले पाणी, मुलांच्या उंचीचे स्वच्छतागृह आणि बाहेर सावलीची जागा आहे की नाही, हे पैसे हाती येण्याआधीच तपासून ठेवावे. पहिल्या महिन्यात दहा-बारापेक्षा अधिक मुले घेऊ नयेत आणि प्रत्येक नव्या मुलाबरोबर आईला किंवा आजीला पहिले तीन-चार दिवस तासभर तरी बसू द्यावे. कामावर जाणाऱ्या आईला तेवढीही सुटी मिळत नसेल तर मोठ्या बहिणीला बसू द्यावे. मूल तिला ओळखते आणि पाचव्या दिवशी तीही आपल्या शाळेत जायला मोकळी होते.